बतूल मॅडमची उचकी

बतूल नाखवाला काही लपवता येत नाही. मनात जराशी घालमेल सुरू झाली की तिला उचकी लागते, आणि ती रुमालात दडपून टाकता येईल अशी साधी उचकी नसते. खांदे उडतात, कानातले डूल हलतात, शेजारच्या वर्गातल्या मुलांना ऐकू जाते. सीवूड्सच्या मॉलमागच्या ज्या शाळेत ती विज्ञान शिकवते, तिथल्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून कोणी आलं तर मुलं आधी बतूल मॅडमचा कानोसा घेतात. उचकी लागली नसेल तर माणूस बरा आहे.

ही उचकी उरणजवळच्या मोऱ्याची. बतूलचे वडील सुलेमान मोरा बंदरात लाँच चालवणारे सारंग होते. दुसरीत असताना शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला ती उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला उचकी आली. समोर बसलेलं गाव हसलं. बतूलही हसली, हसता हसता पुन्हा उचकी आली, आणि कविता कुठल्या कुठे राहून गेली. आई रहिमाने मग साखर खायला घालून पाहिली, ग्लासच्या उलट्या बाजूने पाणी पाजून पाहिलं. मामाला दाराआड उभं करून अचानक भॉक करायला लावलं, तर उचकी थांबायच्या ऐवजी दुप्पट झाली आणि मामा बिचारा ओशाळून निघून गेला. सुलेमान मात्र कधी चिडले नाहीत. ते म्हणायचे, पोरीच्या पोटात इंजिन चांगलं बसवलंय, सायलेन्सर तेवढा राहून गेला.

दहावीच्या परीक्षेत तिच्या ओळीतल्या सगळ्यांना अवघड प्रश्न कुठला ते उचकीवरून कळत होतं. शेवटी पर्यवेक्षकांनी तिचा बाक व्हरांड्यात नेऊन ठेवला. तिथे एका मांजरीच्या सोबतीने तिने उरलेला भूमितीचा पेपर सोडवला आणि पासही झाली.

लग्नात तर कहर झाला. निकाहच्या वेळी तिची संमती विचारायला वकील म्हणून नेमलेले वडीलधारे नातेवाईक आणि साक्षीदार आतल्या खोलीत आले. त्यांनी विचारलं, आणि बतूलच्या तोंडून "कबू" एवढंच निघून पुढे उचकी आली. वकील कायद्याला पक्के. अर्ध्या शब्दावर निकाह लागत नाही म्हणाले आणि पुन्हा विचारलं. पुन्हा "कबू" आणि उचकी. खोलीतल्या फुप्या, मावश्या ओढणीत तोंड खुपसून हसायला लागल्या. बाहेर बसलेला नवरदेव हमझा, आतून एवढा वेळ का लागतोय आणि एवढा गलका कसला, या विचाराने घामाघूम झाला. मुलीने नाही म्हटलं असं तो जवळजवळ धरूनच चालला होता. अखेर बतूलने डोळे मिटून, श्वास रोखून, एका दमात पूर्ण शब्द उच्चारला, तेव्हा आतल्या बायकांनी असा जल्लोष केला की वऱ्हाडी दचकले. हमझा न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे काम करतो. तो आजही सांगतो की बाकीच्यांच्या बायका तीनदा कबूल म्हणतात, माझी इतक्यांदा म्हणाली की आता सुटकाच नाही.

तर अशा बतूलकडे शाळेने मुलांच्या टेन्शनचं खातं सोपवलं.

ते झालं ते असं. मुलांच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष द्या, त्यासाठी आठवड्याला एक तास ठेवा आणि एका शिक्षकावर जबाबदारी द्या, अशी वरून सूचना आली. मुख्याध्यापिका मालतीबाईंनी स्टाफरूममध्ये विषय काढताच प्रत्येकाला अचानक वह्या तपासायच्या आठवल्या. गणिताच्या कृष्णात सरांनी तर आपला अभ्यासक्रमच पुरा होत नाही म्हणून हात वर केले. मालतीबाईंची नजर फिरत फिरत बतूलवर आली. बतूलला म्हणायचं होतं, नाही हो बाई. पण "ना" म्हणताच उचकी लागली, आणि उचकीतून सावरून जे बाहेर पडलं ते "हो बाई" एवढंच. मालतीबाईंनी समाधानाने मान डोलावली आणि नाव लिहून टाकलं. सगळा स्टाफ टाळ्या वाजवायला लागला. त्यात आता कुठे परत नाही म्हणणार.

प्रशिक्षण बेलापूरच्या एका सभागृहात झालं. वक्त्यांचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा होता. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावून एका शांत बागेची कल्पना करायला सांगितली. जेवणानंतरची वेळ. जमलेले बहुतेक शिक्षक बागेत गेले आणि तिथेच झोपले. बतूलच्या शेजारचे गुरुजी घोरायला लागले तेव्हा तिला हसू आवरेना. पण त्या दिवशी एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली: श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, तर धडधड कमी होते. तिने स्वतःवर करून पाहिलं. उचकी थांबली नाही, पण जरा सभ्य झाली.

पहिला तास शुक्रवारचा शेवटचा, दहावी ब. हा वर्ग शाळेत प्रसिद्ध होता. मागच्या बाकावर केतन भोईर, करावे गावचा, आवाजाने आणि अंगाने दांडगा. पुढच्या बाकावर नमिता, पहिला नंबर, बोलणं कमी. मधल्या बाकांवर बाकीची गर्दी. बतूलने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि ती शांत बाग काढली. कैफने लगेच विचारलं की बाग कुठल्या सेक्टरची धरायची, कारण त्यांच्या सेक्टरच्या बागेत कुत्री आहेत. कोणीतरी भुंकलं. दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं. बघता बघता सगळा वर्ग भुंकायला लागला, आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघून ओरडलं.

बतूलने खडू टेबलावर वाजवून पाहिला. आणि उचकी आली. नेहमीपेक्षा मोठी. हातातला खडू उडून नमिताच्या बाकावर पडला.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग मागून केतन म्हणाला, "मॅडम, कोणीतरी आठवण काढतंय तुमची."

मुलं फिदीफिदी हसली. बतूलला त्या क्षणी ओरडता आलं असतं, पण उचकी लागलेली असताना ओरडताही येत नाही. ती टेबलाच्या कडेवर बसली.

"आठवण कोणी काढत नाहीये," ती म्हणाली. "मला टेन्शन आलंय. तुमचं."

मॅडमना टेन्शन येतं ही गोष्ट मुलांच्या हिशेबातच नव्हती. बतूलने मग उचक्या देत देत सांगून टाकलं, ती कविता, तो व्हरांड्यातला बाक, ते अडकलेलं कबूल. कबूलपर्यंत येता येता वर्ग हसून आडवा झाला होता. कैफ तर बाकाखाली गेला होता. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "माझं टेन्शन घशात बसतं. तुमचं कुठे बसतं?"

मग पुढच्या बाकावरून नमिताचा आवाज आला.

"पोटात. पेपरच्या दिवशी सकाळी उलटी होते. मी नळ मोठा सोडून ठेवते, म्हणजे आईला ऐकू जात नाही."

तिच्याकडे सगळे बघत राहिले. वर्गात कोणाला टेन्शन नसेल तर ते नमिताला, असं प्रत्येकाने धरलं होतं. नमिताने मान खाली घातली, पण तोवर बाकीच्यांचा बांध फुटला. कैफ म्हणाला, माझे तळहात इतके घामेजतात की आलेख कागद फाटतो. कोणाच्या गुडघ्यांत, कोणाच्या दातांत, कोणाला सारखं बाथरूमला जावं लागतं. सनी म्हणाला, मला झोप येते, पेपर जितका अवघड तितकी गाढ. बतूलने फळ्यावर माणसाची आकृती काढली, रक्ताभिसरण शिकवताना काढते तशी, आणि ज्याने त्याने पुढे येऊन आपल्या जागेवर बाण मारून नाव लिहिलं. बेंबीच्या खाली इतके बाण झाले की आकृती साळिंदरासारखी दिसायला लागली. एकटा केतन जागचा उठला नाही. माझं कुठेच नाही, म्हणाला.

नेमक्या तेव्हा मालतीबाई दारात आल्या. फळ्यावरचं ते चित्र त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. कैफने शहाणपणा करून पचनसंस्था असं उत्तर दिलं. मालतीबाईंनी बतूलकडे पाहिलं. बतूलने होकारार्थी मान हलवली आणि उचकीने तिचं सगळं पितळ उघडं पाडलं. मालतीबाई पुन्हा चित्राकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "यात कान राहिले," आणि निघून गेल्या.

त्यांची पावलं जिना उतरेपर्यंत मुलांनी कसाबसा दम धरला. नंतर जो हशा उसळला तो आवरता आवरता तास संपला. पण त्या दिवसापासून सगळे मालतीबाईंच्या कानांकडे बघायला लागले, आणि खरंच, शिक्षण खात्यातून कोणी आलं की बाईंचे कान जास्वंदीसारखे लाल व्हायचे.

जानेवारीत पहिली प्रिलिम आली. गणिताच्या पेपरला अर्ध्या तासातच केतनने उत्तरपत्रिकेचा बोळा केला, बाकाला लाथ मारली आणि वर्गाबाहेर जाऊन जिन्यावर बसला. कृष्णात सर संतापले. मुलाने माज केला असं त्यांचं म्हणणं. मालतीबाईंनी वडिलांना बोलावून घेतलं आणि बतूललाही बसायला सांगितलं.

नामदेव भोईर आले. बापजाद्यांची भातशेती सिडकोत गेली, आता ते करावे-दारावे भागात बांधकामाचा धंदा करतात. मोठा आवाज, मोठं पोट, पण खुर्चीच्या कडेवर बसण्याची सवय, शाळेत बोलावल्यावर बसावं तशी. त्यांनी मालतीबाईंना नमस्कार केला आणि केतनकडे वळून जी सरबत्ती सुरू केली ती थांबेचना. सगळं आयतं मिळतं म्हणून हे थेर, चुलत्याची मुलं बघ, शेजारची मुलं बघ. केतन भिंतीला टेकून उभा होता. तोंड दगडासारखं, पण बोटं मांडीवर टकटक टकटक वाजत होती.

नामदेवभाऊंचा आवाज चढत गेला, आणि बतूलची उचकी सुटली. नामदेवभाऊ बोलता बोलता थांबले. पुन्हा उचकी. त्यांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणला. श्वास धरा म्हणाले. मग कानात बोटं घालून पाणी प्या म्हणाले, आणि बतूलचे दोन्ही हात कानांकडे गेल्यावर ग्लास कोणी धरायचा हा प्रश्न पडला, तेव्हा त्यांनीच धरला. भल्यामोठ्या माणसाने मॅडमना असं वाकून पाणी पाजलेलं पाहून मालतीबाईंना खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

"याने जाणार नाही, नामदेवभाऊ," बतूल म्हणाली. "हे टेन्शनचं आहे. आवाज चढला की मला येतं. केतनलाही येतं. फक्त त्याची उचकी हातापायांतून निघते."

नामदेवभाऊ ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले. मग खुर्चीत बसले, या वेळी नीट मागे टेकून. बोलले ते एकदम हळू.

"मना पन होतं, मॅडम. रजिस्टर हापिसात सही कराची आली का माजा हात लटलट कापतो. मग मी पेन आपटतो. लोकांना वाटतं भोईर भडकलाय. मी भडकलेला नसतो. भ्यालेला असतो."

केतनने वर पाहिलं. हा माणूस आपल्या घरात राहतो हे त्याला पहिल्यांदाच कळल्यासारखं तो बघत राहिला. "बाबा, तुमी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. नामदेवभाऊंनी उजवा हात पुढे करून दाखवला, तर तो आत्ताही थरथरत होता आणि ग्लासातलं पाणी हिंदकळत होतं. केतन आधी हसला की बाप, ते सांगता येणार नाही. पण दोघं हसायला लागले, त्यांना बघून बतूल हसली, हसण्यात उचकी मिसळली, आणि मालतीबाईंनी खोकल्याचं सोंग सोडून दिलं.

हसणं सरल्यावर बतूलने केतनला विचारलं की मांडीवर काय वाजवत होतास. त्याने लाजत सांगितलं की चुलतभावाची बेंजो पार्टी आहे, लग्नाच्या हळदीला वाजवते, तिच्यात तो ढोलकीवर असतो. मग बतूलने हळदीतलं सगळं विचारून घेतलं. एवढ्या लोकांसमोर वाजवताना भीती वाटत नाही का? नाही, तिथे हात आपोआप चालतात. आणि चुकलं तर?

"चुकतं ना, मॅडम. थांबलं की सगळ्यांना कळतं. म्हणून थांबायचं नाही, पुढचा ठेका धरायचा."

"मग गणितात का थांबलास?"

हा प्रश्न केतनने घरी नेला असावा, कारण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आपणहून येऊन म्हणाला की गणितात ठेका कोणी शिकवलाच नाही.

पुढच्या शुक्रवारी बतूलने बाग कायमची बंद केली आणि केतनला पुढच्या बाकाशी आणलं. बाकाच्या लाकडावर त्याने हळदीचा ठेका धरला. पहिल्या काही ठोक्यांना मुलं नुसती चुळबुळली. मग कैफ उठला. मग सनी, जो कधी जागाच नसायचा, दोन्ही हात वर करून नाचत मधल्या वाटेत आला. पाहता पाहता अख्खी दहावी ब उभी राहून नाचायला लागली. आणि नमिता? नमिता बाकावर चढली होती, वेणी एका दिशेला आणि ती दुसऱ्या दिशेला. खालच्या नववीच्या वर्गात पंख्यावरची धूळ तिथल्या बाईंच्या डोक्यावर पडली.

बतूलने हात वर केला, तसा केतनने ठेका संथ केला. आधी ठरल्याप्रमाणे. अजून संथ. उभ्या मुलांचे हात खाली आले. आत घेताना आखूड, सोडताना लांब, असा श्वास ठेक्यावर चालू झाला. पूर्वी आकडे मोजून जे कधी जमलं नव्हतं ते बाकावरच्या त्या ठोक्यांवर आपसूक जमलं. त्याच वेळी मालतीबाई तरातरा वर आल्या होत्या. ओरडण्यासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि समोर सगळा वर्ग एकदम श्वास सोडत होता. त्यांचाही सुटला. जे बोलायचं होतं ते त्याच्याबरोबर निघून गेलं. दाराला धरून त्या चार-सहा ठोके तशाच उभ्या राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या की हे दर शुक्रवारी असेल तर नववीला त्या तासाला मैदानावर पाठवते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की शाळेने दहावी सोडून ऑर्केस्ट्रा काढलाय. कृष्णात सरांनी स्टाफरूममध्ये ऐकवलं की हळद लागली, आता लग्न कधी. बतूलला दोन दिवस धड जेवण गेलं नाही, घरात उचक्यांचा असा भडिमार की हमझाने शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, काळजी करू नका, शाळेचं आहे. पण तिने तास सोडला नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं हे तिला हळूहळू उमगत गेलं. कैफचे तळहात ठेक्याने कोरडे झाले नाहीत, तर त्याने पेपरच्या आधी गार पाण्याने हात धुवायचे आणि हाताखाली टर्किश टॉवेलचा तुकडा ठेवायचा असं ठरवलं. सनीला उलट गडबड लागायची, म्हणून तो पेपरच्या आधी जिना वर-खाली पळायचा.

नमिताचं अवघड होतं. बतूलने तिला फक्त एवढंच सुचवलं की आईला सांगून बघ. नमिताने आठवडाभर टाळलं, मग एका संध्याकाळी सांगितलं. तर आईला ते आधीपासून माहीत होतं. नळाचा आवाज सुरू झाला की ती स्वयंपाकघरात मिक्सर लावायची, म्हणजे आपल्याला ऐकू आलंय हे पोरीला कळू नये. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या आणि मग इतक्या हसल्या की नमिताचे बाबा बघायला आले. नमिताने ही हकिकत वर्गात सांगितली तेव्हा स्वतःच पुन्हा हसायला लागली आणि मधेच डोळेही पुसले. त्यानंतर पेपरच्या सकाळी मायलेकी ओट्याशी उभ्या राहून थोडं थोडं खायच्या. सुरुवातीला एक बिस्कीट. मग पोळीचा चतकोर.

मार्चात बोर्डाची परीक्षा लागली. केंद्र नेरुळच्या एका शाळेत होतं. गेटबाहेर मुलांपेक्षा पालकांची अवस्था वाईट होती. कोणी पोराच्या कानाशी व्याख्या म्हणत होतं, कोणी पाण्याची बाटली तिसऱ्यांदा तपासत होतं. बतूल आली, तिने तो गोंधळ पाहिला, आणि मोरा बंदरापर्यंत ऐकू जाईल अशी उचकी दिली. दहावी ब जिथे जिथे विखुरली होती तिथून हसत हसत तिच्याभोवती गोळा झाली. ढोलकी नव्हती, बाक नव्हता. केतनने परीक्षेचं पॅड काढलं आणि त्यावर बोटांनी संथ ठेका धरला. मुलांनी श्वास धरला, सोडला. शेजारी दुसऱ्या शाळेची मुलं उभी होती, त्यांनी आधी टिंगल केली, मग त्यांचेही खांदे खाली आले. नामदेवभाऊ डोळे मिटून इतक्या जोरात श्वास सोडत होते की गेटवरच्या पहारेकऱ्याने बरं वाटतंय ना म्हणून विचारलं. नमिताने केळं संपवलं आणि कैफच्या डब्यातला अर्धा ऑम्लेटपाव मागून घेतला. कैफने तो देताना सगळ्यांना साक्षी ठेवलं.

गणिताच्या दिवशी केतन बाहेर आला तो धावत. तिसऱ्या प्रश्नाला डोकं कोरं झालं होतं, त्याने सांगितलं. पाय बाकाला लाथ मारायला निघालाच होता. मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, चार ठोके दिले आणि पुढच्या प्रश्नाचा ठेका धरला. शेवटी वेळ उरला तेव्हा तिसऱ्याकडे परत आला, तर तो सुटला. हे तो बतूलला सांगत होता, पण मधेच कृष्णात सर येऊन उभे राहिले. सरांनी प्रश्न कुठला ते विचारलं, उत्तर विचारलं, आणि काही न बोलता केतनच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांच्यापरीने ती शाबासकी होती.

मेमध्ये निकाल लागला. केतन गणितात चांगल्यापैकी पास झाला, पहिल्या दहांत वगैरे नाही, पण आता त्याला डिप्लोमाला जायचंय. नमिताचे गुण अपेक्षेपेक्षा थोडे कमी पडले. ती पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, गुण गेले थोडे. पण सगळे पेपर मी जेवून दिले." सनी पास झाला याचं आश्चर्य सगळ्यात जास्त सनीला वाटलं. आणि नामदेवभाऊ टेम्पो भरून ताडगोळे घेऊन शाळेत आले. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रं अंथरली गेली, सगळे शिक्षक बाह्या सरसावून ताडगोळे सोलायला बसले. कोपरांवरून पाणी ओघळत होतं, कृष्णात सरांच्या शर्टावर पिचकारी उडाली, आणि मालतीबाईंनी एक ताडगोळा बतूलच्या हातात ठेवून सांगितलं की जूनपासून पाचवीपासूनचे सगळे वर्ग तुमच्याकडे. बतूलने तोंड उघडलं. या वेळी नाही म्हणायचं तिच्या मनातही नव्हतं.

आता पाचवीलाही शुक्रवारचा तास असतो. टेन्शन कुठे बसतं या प्रश्नावर तिथली उत्तरं दहावीसारखी नसतात. एकाचं दप्तरात बसतं. एकीचं आजीच्या घरी राहिलंय. पहिल्याच महिन्यात इनाया नावाची एक छोटी मुलगी उभी राहून म्हणाली की तिचं बुटात बसतं, बूट घातले की ते वर चढतं. बतूलने विचार केला आणि सांगितलं, मग आपल्या तासाला बूट काढून बस. इनायाने बूट दाराशी काढून ठेवले आणि पाय हलवत मजेत बसली. ते पाहून तिच्या मैत्रिणीला आपलंही बुटातच असल्याचा साक्षात्कार झाला. मग शेजारच्या मुलाला. पुढच्या शुक्रवारी सगळ्या वर्गाचं बुटात होतं. दाराशी काळ्या बुटांचा ढीग लागला, एकासारखा एक, आणि मुलं मोज्यांवर वर्गभर घसरत होती.

घंटा झाली तेव्हा सगळी एकदम त्या ढिगावर तुटून पडली. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. जो हाताला लागेल तो बूट पायात, एक मोठा, एक लहान, दोन्ही डावे. बतूल भिंतीला टेकून हसत होती, हसता हसता तिला बसावं लागलं. त्या दिवशी पाचवीची निम्मी मुलं एकमेकांचे बूट घालून फटक फटक करत घरी गेली, आणि शनिवार-रविवार सीवूड्स, दारावे, करावे या भागांतल्या आया एकमेकींना फोन करून विचारत होत्या, तुमच्याकडे आमचा उजवा आलाय का?